एक प्रत आईची, एक प्रत बाबांची

कार्तिकाच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात कोठेही जा, शेताशेतांतून पिकलेले धान उभे दिसते आणि कापणीला आलेल्या माणसांच्या हातांत विळे दिसतात. चंद्रकोरीसारखे वाकलेले, टोकाशी निमुळते झालेले पाते. हा विळा आपल्या इतक्या ओळखीचा आहे की त्याचे नाव एखाद्या आजाराला मिळाले असेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. पण तसे झाले आहे. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात आणि पेशीला 'सेल'. या दोन शब्दांपासून 'सिकलसेल' हा शब्द बनला. तुमच्यापैकी अनेकांनी तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचला असेल. काहींनी तो घरातच ऐकला असेल.

हा आजार डास चावून होत नाही, दूषित पाण्याने होत नाही, रोग्याजवळ बसल्याने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने होत नाही. नजर लागल्याने तर नाहीच नाही. तो आईबाबांकडून मुलांकडे येतो, म्हणजेच तो आनुवंशिक आहे.

इथेच एक कोडे उभे राहते. बहुतेक वेळा आजारी मुलाची आई धडधाकट असते आणि बाबाही धडधाकट असतात. मग आजार आला कोठून? एकाच घरात थोरली बहीण निरोगी, मधला भाऊ आजारी आणि धाकटी पुन्हा निरोगी, असे का व्हावे? हे कोडे न सुटल्यामुळे पुष्कळ घरांत एक अन्याय होत आला आहे. मूल आजारी निघाले की बोल आईला लावला जातो. तो का चुकीचा आहे, हे आज आपण पाहू या. त्यासाठी दोन नाणी, एक कागद आणि एक पेन्सिल एवढेच साहित्य पुरे.

पेशीतली पोथी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे तुम्ही शाळेत शिकला आहात. बहुतेक पेशींमध्ये केंद्रक असते आणि केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. या ४६ गुणसूत्रांच्या २३ जोड्या लागतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले असते आणि दुसरे बाबांकडून.

गुणसूत्र म्हणजे डीएनए नावाच्या फार लांब रेणूचे व्यवस्थित गुंडाळलेले रीळ. एका पेशीतला सगळा डीएनए उलगडून टोकाला टोक लावून ठेवला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत तुमच्या उंचीपेक्षा लांब धागा मावलेला असतो!

या धाग्यावर एक मजकूर लिहिलेला आहे असे समजा. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. खरे तर ही चार रासायनिक द्रव्ये आहेत. शास्त्रज्ञ त्यांना थोडक्यात ए, टी, जी आणि सी म्हणतात. आईकडून आलेल्या २३ गुणसूत्रांच्या संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात आणि बाबांकडून आलेल्या संचातही जवळजवळ तेवढीच. या मजकुरात ठिकठिकाणी शरीराला लागणारी प्रथिने कशी बनवायची याच्या सूचना असतात. अशा एका सूचनेला जनुक म्हणतात. माणसात प्रथिनांच्या सूचना देणारी जनुके सुमारे २०,००० आहेत.

गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्याही आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बाबांची. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

आता एक शंका घेऊ. आईजवळ ४६ गुणसूत्रे, बाबांजवळ ४६. मग बाळाजवळ ९२ का होत नाहीत? आणि नातवंडाजवळ १८४? निसर्गाने यावर एक साधी तोड काढली आहे. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना आणि बाबांच्या शरीरात शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि तिच्यातले एकेकच गुणसूत्र पुढे जाते. म्हणून बीजांडात २३ आणि शुक्रपेशीत २३ गुणसूत्रे असतात. दोघांचे मीलन झाले की पुन्हा ४६.

जोडीतले कोणते गुणसूत्र पुढे जायचे? हे आधी ठरलेले नसते. ती निव्वळ चिठ्ठी आहे. २३ जोड्यांपैकी प्रत्येकीतून दोनांतले एक निवडायचे, तर निवडीचे किती प्रकार होतील? २ ला २ ने असे गुणत जा की २ हा अंक एकूण २३ वेळा येईल. उत्तर येते ८३,८८,६०८! शिवाय जोडी फुटण्याआधी तिच्यातली दोन्ही गुणसूत्रे आपले काही तुकडे एकमेकांत बदलून घेतात. त्यामुळे प्रकार याहूनही कितीतरी वाढतात. सख्खी भावंडे एकमेकांसारखी दिसूनही हुबेहूब एक का नसतात, याचे उत्तर या चिठ्ठ्यांत आहे. प्रत्येक बाळासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

भात शिजवा, भात भिजवा

आपण एकच जनुक निवडू आणि त्याच्याकडे बारकाईने पाहू. हे जनुक ११ व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्याच्या सूचनेवरून हीमोग्लोबिनचा एक भाग तयार होतो. हीमोग्लोबिन म्हणजे रक्ताला तांबडा रंग देणारे आणि फुप्फुसांतला ऑक्सिजन अंगभर पोचवणारे प्रथिन. एका तांबड्या पेशीत त्याचे २५ कोटींहून अधिक रेणू असतात.

हीमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. आपले जनुक बीटा साखळीचे. या साखळीत १४६ दुवे असतात. प्रत्येक दुवा म्हणजे एकेक अमिनो आम्ल. डीएनएवरची तीन-तीन अक्षरे मिळून एकेका दुव्याचे नाव सांगतात.

सहाव्या दुव्याच्या जागी नेहमी 'जीएजी' अशी तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ, येथे ग्लुटामिक आम्ल लावा. पण काही माणसांच्या प्रतीत मधले अक्षर बदललेले असते. 'ए' च्या जागी 'टी' आलेला असतो आणि 'जीएजी' चे 'जीटीजी' होते. आता अर्थ होतो, येथे व्हॅलीन लावा.

एवढ्याशा बदलाने काय बिघडणार? स्वयंपाकाच्या वहीत कोणी 'भात शिजवा' ऐवजी 'भात भिजवा' असे लिहिले तर? एकच अक्षर बदलले, पण पानात पडणारा पदार्थ पार निराळा! इथेही तसेच होते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीनवर असा भार नसतो आणि ते पाण्यापासून अंग चोरते. परिणामी ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे बदललेले हीमोग्लोबिन एकमेकांना चिकटू लागते. त्याचे लांब ताठ दोर बनतात आणि त्या दोरांमुळे मऊ, गोल चकतीसारखी तांबडी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते.

निरोगी तांबडी पेशी लवचिक असते. स्वतःहून अरुंद असलेल्या केशवाहिनीतूनही ती अंग दुमडून पार होते. विळ्यासारखी पेशी ताठ असते. ती अडकते आणि तिच्यामागे इतर पेशींचीही कोंडी होते. पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. शरीराला नव्या पेशी तितक्या वेगाने पुरवता येत नाहीत. म्हणून रोग्याच्या अंगात रक्त कमी राहते, थकवा येतो आणि डोळे पिवळे दिसतात. जंतुसंसर्गही अशा मुलांना लवकर गाठतो.

नाण्यांचा प्रयोग

नेहमीच्या प्रतीला आपण 'ए' म्हणू आणि बदललेल्या प्रतीला 'एस'. शास्त्रज्ञही हीच अक्षरे वापरतात. मात्र डीएनएच्या चार अक्षरांतला 'ए' वेगळा आणि हा 'ए' वेगळा, एवढे ध्यानात असू द्या.

प्रत्येकाजवळ दोन प्रती असतात, म्हणून माणसांचे तीन प्रकार होतील. दोन्ही प्रती 'ए' असतील तर तो माणूस 'एए'. एक 'ए' आणि एक 'एस' असेल तर 'एएस'. दोन्ही 'एस' असतील तर 'एसएस'.

'एसएस' माणसाला आजार होतो. 'एएस' माणसाला सहसा होत नाही. त्याच्या 'ए' प्रतीवरून पुरेसे चांगले हीमोग्लोबिन तयार होत असते. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, म्हातारा होतो आणि आपल्याजवळ 'एस' प्रत आहे हे त्याला कळतही नाही. अशा माणसाला 'वाहक' म्हणतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे.

आता असे समजा की आई वाहक आहे आणि बाबाही वाहक आहेत. एका नाण्यावर खडूने 'आई' अशी खूण करा, दुसऱ्यावर 'बाबा' अशी. छापा म्हणजे 'ए' आणि काटा म्हणजे 'एस' असे ठरवा. दोन्ही नाणी एकदम उडवा. आईच्या नाण्याने आईकडून आलेली प्रत ठरली, बाबांच्या नाण्याने बाबांकडून आलेली. म्हणजे एका बाळाच्या प्रती ठरल्या. कागदावर नोंद करा. अशी चाळीस बाळे होऊ द्या.

निकाल काय येईल? शक्यता चार आहेत.

आईचा छापा, बाबांचा छापा: बाळ 'एए'.
आईचा छापा, बाबांचा काटा: बाळ 'एएस'.
आईचा काटा, बाबांचा छापा: बाळ 'एएस'.
आईचा काटा, बाबांचा काटा: बाळ 'एसएस'.

चारही सारख्याच शक्य आहेत. म्हणून चाळीस वेळांत सुमारे दहा 'एए', वीस 'एएस' आणि दहा 'एसएस' यावेत. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. कोणाचे आठ येतील, कोणाचे तेरा. पण वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून बेरीज घ्या, म्हणजे प्रमाण १ : २ : १ च्या अगदी जवळ आलेले दिसेल. ऑस्ट्रियातील एका मठात वाटाण्याची रोपे लावून ग्रेगोर मेंडेल यांना हेच प्रमाण सापडले होते. त्यांनी आपला निबंध १८६६ साली प्रसिद्ध केला. तेव्हा डीएनएचा मजकूर, जनुक यांतले काहीच कोणाला ठाऊक नव्हते!

पहिले कोडे सुटले. धडधाकट आई आणि धडधाकट बाबा यांचे मूल आजारी होऊ शकते, कारण दोघांजवळही एकेक 'एस' प्रत लपलेली असू शकते. आणि बोल कोणाला लावायचा? 'एसएस' व्हायला दोन काटे लागतात. एक आईच्या नाण्याचा, एक बाबांच्या नाण्याचा. एकट्या आईमुळे मूल 'एसएस' होऊच शकत नाही. शिवाय नाणे कोणीही मुद्दाम उडवलेले नसते. आपल्याजवळची कोणती प्रत पुढे जावी हे आईच्या हाती नाही आणि बाबांच्याही नाही.

नाण्याला आठवण नसते

इथे पुष्कळ जाणती माणसेही चुकतात. डॉक्टरांनी सांगितले की चारांत एक मूल आजारी होण्याची शक्यता आहे. घरी पहिले मूल आजारी झाले. आईबाबांनी मनाशी हिशेब केला, एक झाले, आता पुढची तीन निरोगी!

हा हिशेब बरोबर आहे का? नाण्यांना विचारा. पहिल्या उडवणीत दोन काटे पडले हे दुसऱ्या उडवणीच्या वेळी नाण्यांना आठवते का? नाही. दुसऱ्या बाळालाही चारांत एक हीच शक्यता आणि तिसऱ्यालाही तीच. म्हणून एखाद्या घरात दोन मुले ओळीने आजारी होतात, तर एखाद्या घरात एकही होत नाही.

किती घरांत एकही होत नाही? हे गणिताने काढता येते. एक मूल आजारी नसण्याची शक्यता तीन चतुर्थांश. चारही मुले आजारी नसण्याची शक्यता म्हणजे तीन चतुर्थांश चार वेळा गुणून येणारी संख्या, ८१/२५६. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. आईबाबा दोघेही वाहक आणि घरी चार मुले अशी शंभर कुटुंबे घेतली, तर त्यांतल्या तिसेक कुटुंबांत एकही आजारी मूल नसेल. त्या घरात हा आजार नाहीच असे सगळे म्हणतील. पण 'एस' प्रत नाहीशी झालेली नसते. ती मुलांकडे जाते, नातवंडांकडे जाते आणि दोन-तीन पिढ्यांनी दुसऱ्या एखाद्या वाहकाशी गाठ पडली की अचानक प्रकट होते.

ही गाठ नात्यातल्या लग्नांत अधिक सहज पडते. मामाची मुलगी आणि आतेचा मुलगा यांचे आजीआजोबा एकच असतात. आजोबांजवळ 'एस' प्रत असेल, तर ती मामाच्या वाटेने मुलीकडे आणि आतेच्या वाटेने मुलाकडे पोचलेली असू शकते. मग एकाच प्रतीच्या दोन नकला एका घरात एकत्र येतात.

मुलगा आणि मुलगी असा भेद मात्र या जनुकाजवळ नाही. ते ११ व्या गुणसूत्रावर आहे. मुलगा की मुलगी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. म्हणून दोघांनाही शक्यता सारखीच.

कोडे सुटले कसे?

विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात त्या दिसल्या होत्या. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे आनुवंशिकतेचा उलगडा नीट होत नव्हता. १९४९ साली अमेरिकेतील जेम्स नील यांनी रोग्यांच्या आईवडिलांचे रक्त तपासले. ऑक्सिजन काढून घेतला की आई आणि वडील या दोघांच्याही पेशी वाकड्या होत होत्या! दोन्ही बाजूंनी एकेक प्रत आल्याशिवाय आजार होत नाही हे त्यातून दिसून आले.

त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे हीमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले. ते निरोगी हीमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होते. आजाराचे मूळ एका रेणूत आहे, असे माणसाने प्रथमच दाखवून दिले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदललेला दुवा शोधला.

भारतात १९५२ साली लेहमन आणि कटबुश या शास्त्रज्ञांना नीलगिरीतील आदिवासींच्या रक्तात हे हीमोग्लोबिन आढळले. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील, म्हणजे आपल्या नागपूरकडच्या भागातील नोंद 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी पुढे महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. विदर्भाचे सारे पूर्वेकडील जिल्हे, उत्तरेकडचा सातपुडा आणि मराठवाड्याचा काही भाग येथे 'एस' प्रत पसरलेली आहे. वाहकांचे प्रमाण निरनिराळ्या जमातींत शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. जास्त रोगी असलेल्या जिल्ह्यांत भंडाऱ्याचे नाव होते, आणि गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.

हानिकारक प्रत टिकली कशी?

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ज्या प्रतीमुळे मुले आजारी पडतात, पूर्वीच्या काळी लहानपणीच दगावत, ती प्रत हजारो वर्षांत नष्ट कशी झाली नाही?

याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या अभ्यासातून दिले. 'एएस' माणसाच्या रक्तात हिवतापाच्या घातक जंतूला नीट वाढता येत नाही. म्हणून जेथे हिवताप फार, तेथे 'एए' मुले तापाने दगावत, 'एसएस' मुले या आजाराने दगावत, आणि 'एएस' मुले दोन्हींतून वाचून मोठी होत. ती आपल्याबरोबर 'एस' प्रत पुढच्या पिढीला देत. ज्या जंगलभागांत हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून होता, तेथेच ही प्रत अधिक सापडते. तेव्हा 'एस' ही प्रत कोणत्याही पापाची खूण नाही. ती आपल्या पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची खूण आहे. ती कोणत्याही एका जातीची नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही ती आढळते.

रक्ताचा एक थेंब

आपल्याजवळ 'एस' प्रत आहे की नाही हे कसे कळणार? चेहरा पाहून कळत नाही, वजन करून कळत नाही. पण बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून कळते.

पहिल्या तपासणीत रक्त एका द्रावणात मिसळतात. या द्रावणात पेशी फुटतात आणि हीमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेतला जातो. 'एस' हीमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही आणि नळीतले द्रावण गढूळ होते. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर 'एस' नाही, आणि दिसल्या नाहीत तर 'एस' आहे. मात्र गढूळपणावरून तो माणूस 'एएस' आहे की 'एसएस' हे कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी करतात. हीमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवतात. व्हॅलीनवर ऋणभार नसल्यामुळे 'एस' हीमोग्लोबिन मागे राहते. एक पट्टा पुढे आणि एक मागे असे दोन दिसले तर 'एएस'. 'एसएस' माणसात पुढचा पट्टा दिसतच नाही. पॉलिंग यांनी १९४९ मध्ये वापरलेली हीच युक्ती!

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. जास्त प्रमाण असलेल्या भागांतील ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा असे तिचे उद्दिष्ट ठरले. शाळेत तपासणीचे पथक आले तर बोट पुढे करायला घाबरू नका.

तपासणीचा उपयोग मोठेपणी होतो. वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. वाहक आणि 'एए' यांच्या मुलांपैकी कोणीही 'एसएस' होत नाही. दोघेही वाहक असतील, तर मूल होण्याआधी त्यांना डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. म्हणून तपासणीचा कागद पत्रिकेपेक्षा अधिक कामाचा आहे. आणखी एक गोष्ट. एका बाजूने 'एस' आणि दुसऱ्या बाजूने थॅलसेमियाची प्रत आली तरी असाच आजार होऊ शकतो, म्हणून तपासणी पूर्ण करून घ्यावी.

आजारी मित्रासाठी

'एसएस' बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. पोटातल्या बाळाचे हीमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा साखळी नसते. जन्मानंतर सहाएक महिन्यांत ते कमी होते आणि मग त्रास सुरू होतो. म्हणूनच जन्मतःच तपासणी झालेली बरी. लवकर कळले तर लसी आणि औषधे देऊन जंतुसंसर्ग टाळता येतो. फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. 'हायड्रॉक्सियुरिया' हे औषध अंगातले बाळपणीचे हीमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि वेदनांचे हल्ले कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

२०२३ साली ब्रिटन आणि अमेरिका या देशांनी जनुकांत फेरफार करणाऱ्या एका उपचाराला परवानगी दिली. त्यात रोग्याच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, डीएनएत योग्य जागी छेद देऊन परत शरीरात सोडतात. हा उपचार अतिशय महाग आहे. आणखी एक मुद्दा तुम्ही आता स्वतःच ओळखाल. बदल झाला तो अस्थिमज्जेत. बीजांडे किंवा शुक्रपेशी यांत तो पोचत नाही. म्हणून बरा झालेला माणूसही आपल्या मुलाला 'एस' प्रतच देईल.

तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर तुम्हीही मदत करू शकता. त्याला भरपूर पाणी प्यावे लागते, तेव्हा तासाला बाटली उघडली म्हणून हसू नका. कडाक्याची थंडी, रणरणते ऊन आणि दमछाक यांनी त्याचे दुखणे उसळते, तेव्हा खेळात त्याला दम घेऊ द्या. ताप आला, श्वास लागला, अंग फार दुखू लागले तर गुरुजींना किंवा बाईंना लगेच सांगा आणि दवाखान्यात न्यायला लावा. तो आळशी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

आणि एखाद्या घरी आईला बोल लावताना ऐकलेत, तर दोन नाणी काढा आणि उडवून दाखवा.

स्वाध्याय

१. आई 'एएस' आणि बाबा 'एए' आहेत. मुलांचे कोणते प्रकार संभवतात?
२. आई 'एसएस' आणि बाबा 'एए' आहेत. त्यांचे एक तरी मूल आजारी होईल का?
३. आई 'एएस' आणि बाबा 'एसएस' आहेत. मूल आजारी होण्याची शक्यता किती?
४. दोन वाहकांची पहिली दोन मुले 'एसएस' आहेत. तिसरे मूल 'एसएस' होण्याची शक्यता किती?

उत्तरे: (१) निम्मी शक्यता 'एए', निम्मी 'एएस'. आजारी कोणीही नाही. (२) नाही. सगळी मुले वाहक होतील. (३) निम्मी. (४) चारांत एक. नाण्याला आठवण नसते!